समुद्रतळाच्या मातीची परीक्षा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीला समुद्राच्या तळचा चिखल आणून बसविणे हे थोडे धाडसच होय. परंतु कार्यकारिणीचा आग्रह असा पडला की, सभासदांनी या वर्षी आपापल्या व्यवसायातील एखादा विषय मराठीतून मांडावा आणि तो शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना समजेल असा मांडावा. त्या आज्ञेला मान देऊन मी आज एकच प्रश्न आपणापुढे ठेवणार आहे. समुद्राच्या तळाशी जी माती आहे, ती किती भार सोसेल? आणि ती वर न काढता, जागच्या जागी तिच्यात एक सळई खुपसून हे कसे ओळखावयाचे?

हा प्रश्न आपल्या घरापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपण येथे चेन्नईत राहतो आणि आपली मुले-नातवंडे कोणी सिंगापुरात, कोणी अमेरिकेत आहेत. त्यांच्याशी रोज जे बोलणे होते, त्याचा बहुतेक प्रवास समुद्रतळावर अंथरलेल्या तारांमधून होतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्या तारा गाळात पुरून ठेवाव्या लागतात, नाही तर जहाजांचे नांगर आणि मच्छीमारांची जाळी त्यांना तोडतात. किती खोल पुरता येतील, हे गाळाच्या बळावर अवलंबून असते. तेलाचे तेच. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथे तेल शोधून काढले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. म्हणजे आपले मंडळ आणि ते तेलक्षेत्र साधारणतः एकाच वयाचे आहेत. तेथील पोलादी मंचांवर गेल्या पन्नास वर्षांत अनेक मराठी तरुणांनी दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या केल्या. तो मंच, त्यावरची यंत्रे आणि त्यावर झोपलेली माणसे या सर्वांचा भार शेवटी समुद्रतळाच्या मातीवरच येतो.

आपल्या पूर्वजांनी समुद्रात बांधकाम केले नाही असे नाही. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला तो मालवणजवळच्या कुरटे बेटाच्या कातळावर. कातळ सापडला की मातीचा प्रश्नच उरत नाही. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही चिखलाने भरलेल्या खाडीवरून जातो, परंतु त्या चिखलाखाली खडक आहे आणि पाया तेथवर नेता येतो. खुल्या समुद्रात मात्र शंभर-शंभर मीटर खाली गेले तरी मातीच असते. तेथे मातीलाच विचारावे लागते, "बाई, तुझ्या अंगात बळ किती?"

मातीचे बळ म्हणजे नेमके काय? वाळूच्या ढिगाची कड ढासळते, पावसाळ्यात डोंगराची दरड उतरते, चिखलात बैलगाडीचे चाक रुतते. या तिन्ही प्रसंगी माती चिरडली जात नाही. तिचा एक थर दुसऱ्या थरावरून घसरतो. या घसरण्याला माती जो विरोध करते, त्याला कर्तन-सामर्थ्य म्हणतात. कात्रीची दोन पाती कापडाला ज्या रीतीने कापतात, तीच ही क्रिया, म्हणून हे नाव. याचा पहिला नीटस हिशेब मांडणारा माणूस चार्ल्स ऑगस्टिन कूलंब हा फ्रेंच लष्करी अभियंता. किल्ल्यांच्या भिंती बांधता बांधता सुचलेले विचार त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि ते १७७६ मध्ये छापले गेले. मातीचा विरोध काही अंशी कणांच्या घर्षणातून आणि काही अंशी त्यांच्या चिकटपणातून येतो, असे त्याने सांगितले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १९२५ मध्ये, कार्ल टेर्झागी यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मातीच्या कणांमधील पाण्याला या हिशेबात त्याचे योग्य स्थान मिळाले. कण एकमेकांवर जितके दाबले जातील तितके घर्षण अधिक. मधल्या पाण्याने भार आपल्यावर घेतला की कण सैल होतात आणि घर्षण घटते.

येथेच वाळू आणि चिकणमाती यांची वाट वेगळी होते. वाळूतून पाणी चटकन निसटते, म्हणून भार पडताच कण एकमेकांना भिडतात. चिकणमातीतून पाणी निसटावयास महिने, कधी वर्षे लागतात. त्यामुळे वादळ येवो वा मंचाचा पाय टेको, त्या घडीला चिकणमातीला आहे त्या पाण्यासकट सामना करावा लागतो. या स्थितीतील तिच्या बळाला पाणी न निचरलेल्या अवस्थेतील सामर्थ्य म्हणतात. ते किलोपास्कल या मापात मोजतात. एक किलोपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा ग्रॅमचा दाब. साठ किलो वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा राहिला की त्याच्या तळव्यांखाली सुमारे पंधरा किलोपास्कल दाब पडतो. मऊ मातीचा पृष्ठभाग तिच्या कर्तन-सामर्थ्याच्या साधारण सहापट दाब सोसतो. म्हणून अडीच किलोपास्कलच्या चिखलात तो मनुष्य जेमतेम उभा राहील आणि चालावयास एक पाय उचलताच दुसरा पाय रुतेल. कोकणातल्या खाजणात उतरलेल्या माणसाला हा हिशेब आकड्यांवाचूनच ठाऊक असतो. खोल समुद्राच्या तळाचा वरचा थर अशाच दोन-चार किलोपास्कलांचा असतो. मुठीत दाबला तर बोटांच्या फटींतून चक्क्यासारखा बाहेर येईल असा!

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. मग तळाची माती नळीत भरून वर आणावी आणि प्रयोगशाळेत तपासावी, असे कोणीही म्हणेल. तसे करतातही. परंतु मातीचे शीत बाहेर काढताना बदलते. समुद्रतळाशी ती प्रचंड दाबाखाली असते. वर येताना तो दाब सुटतो, पाण्यात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि नमुना फुगतो. नळी घुसताना कडेची माती घासली जाते. वर जहाज लाटांवर हेलकावत असते, त्याचे धक्के खालपर्यंत पोहोचतात. पुढे पेटीतून, गाडीतून प्रवास होतो. एवढे सोसून प्रयोगशाळेच्या टेबलावर आलेली मऊ माती आपल्या मूळच्या बळापेक्षा बरेचदा दुबळी भरते. म्हणून मातीकडे आपणच जावे आणि तिच्या घरीच तिची परीक्षा घ्यावी, ही कल्पना पुढे आली.

ती प्रथम रुजली हॉलंडमध्ये. बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली असलेला तो देश पुष्कळसा दलदलीवर उभा आहे. इमारतींचे लाकडी खांब मऊ थरांतून खाली ठोकून भक्कम वाळूच्या थरावर टेकवावे लागत, आणि तो थर किती खाली आहे हे आधी कळणे आवश्यक होते. १९३२ मध्ये पीटर बारेंट्सेन या डच अभियंत्याने एका साध्या गॅसच्या नळीतून पोलादी सळई घातली, तिच्या टोकाला शंकू बसविला आणि हाताने दाबून तो जमिनीत खुपसला. किती जोर लागतो, हे दाबमापकावर वाचले. त्या शंकूच्या टोकाचा कोन ६० अंश आणि तळाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर होते. आज संगणकाच्या युगातही प्रमाण शंकूची मापे तीच आहेत! १९५३ मध्ये बेगेमान यांनी शंकूच्या मागे एक मोकळी बाही बसविली आणि टोकाचा विरोध व बाजूचे घर्षण वेगवेगळे मोजता येऊ लागले. पुढे विजेवर चालणारे संवेदक आले आणि रंध्रांतील पाण्याचा दाब मोजणारी छोटी जाळी शंकूच्या खांद्याजवळ बसली.

समुद्रात ही चाचणी दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत कित्येक टन वजनाचा सांगाडा दोरखंडाने तळावर उतरवितात आणि त्यावरील यंत्र सळईला खाली ढकलते. दुसऱ्या रीतीत जहाजावरून भोक पाडत जातात आणि त्या भोकाच्या तळातून शंकू पुढच्या दोन-तीन मीटर मातीत शिरवितात. मग पुन्हा भोक वाढवावयाचे आणि पुन्हा शंकू. कोणत्याही रीतीत गती ठरलेली असते, सेकंदाला दोन सेंटिमीटर. तीन आकडे सतत वर येत राहतात : टोकाचा विरोध, बाहीवरचे घर्षण आणि पाण्याचा दाब. वाळू आली की टोकाचा विरोध एकदम चढतो आणि पाण्याचा दाब वाढत नाही. चिकणमाती आली की टोक सहज शिरते, पण त्या मानाने घर्षण बरेच असते आणि अडकलेल्या पाण्याचा दाब उंच जातो. वैद्याने नाडीवर बोटे ठेवून वात, पित्त, कफ ओळखावे, तसे या तीन रेषांवरून जाणता मनुष्य थर ओळखतो.

परंतु श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाची खरी गाठ येथे आहे. शंकूला मिळालेला विरोध म्हणजे मातीचे कर्तन-सामर्थ्य नव्हे. शंकू शिरताना माती बाजूला सारतो, वरच्या थरांचे ओझे झेलतो, पाण्याशी झगडतो. या साऱ्यांतून सामर्थ्य गाळून काढावे लागते. एक उदाहरण घेऊ. तळाखाली दहा मीटरवर शंकू आहे. तळाला टेकला त्या क्षणीचे वाचन शून्य धरले, म्हणजे वरच्या समुद्राचा दाब हिशेबातून गेला. शंकूच्या मागच्या फटीत शिरलेले पाणी त्याला पुढे ढकलते, त्यामुळे विरोध खराखुरा असतो त्याहून कमी दिसतो. ती भर घालून दुरुस्त केलेले वाचन ४०० किलोपास्कल आले असे समजा. दहा मीटर चिखलाचे ओझे, घनमीटरला सुमारे १.६ टन धरले, तर १६० किलोपास्कल होते. ते वजा केले. उरले २४०. या निव्वळ विरोधाला एका गुणकाने भागावयाचे, की कर्तन-सामर्थ्य मिळते.

आता हा गुणक किती घ्यावयाचा? तो सामान्यतः १० ते २० यांच्या दरम्यान असतो. १२ घेतला तर सामर्थ्य २० किलोपास्कल, १५ घेतला तर १६ आणि २० घेतला तर अवघे १२. वाचन तेच, यंत्र तेच, माती तीच, आणि उत्तरे मात्र इतकी निरनिराळी! हिशेब सोपा करून सांगतो. मातीत बऱ्यापैकी खोल बसलेला, शंभर चौरस मीटर तळाचा पाय या मातीवर टेकला, तर ती तिच्या सामर्थ्याच्या साधारण नऊपट दाब घेईल. गुणक १२ धरणारा अभियंता म्हणेल, हा पाय सुमारे १,८०० टन झेलेल. गुणक २० धरणारा म्हणेल, १,१०० टनांच्या पुढे जाऊ नका. मधल्या सातशे टनांत माणसे राहतात.

म्हणून गुणक पुस्तकातून उचलावयाचा नसतो. तो त्या जागेसाठी ठरवावा लागतो. त्यासाठी त्याच ठिकाणचे काही उत्तम नमुने काळजीपूर्वक काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि शंकूचे वाचन त्यांच्याशी ताडून पाहतात. आणखी एक साक्षीदार म्हणजे पात्यांची चाचणी. ताक घुसळण्याच्या रवीची आठवण व्हावी असे चार पात्यांचे हत्यार मातीत खुपसून मिनिटाला सहा अंश इतक्या धिम्या गतीने फिरवितात आणि ते फिरविण्यास किती पीळ द्यावा लागतो ते मोजतात. स्वीडनमध्ये ही चाचणी विसाव्या शतकाच्या मध्यावर नावारूपास आली. परंतु रवीलाही डोळे झाकून मानता येत नाही. नॉर्वेचे लॉरिट्झ बियेरूम यांनी १९७२ मध्ये कोसळलेल्या बांधांचा अभ्यास करून दाखविले की, पात्यांनी मोजलेले बळ काही चिकणमातींत वास्तवापेक्षा बरेच जास्त येते आणि ते कमी करून घ्यावे लागते. याचे एक कारण गती हे आहे. माती घाईने कापली तर ती अधिक बळ दाखविते. गती दसपट केली की बळ साधारण दहा टक्के वाढलेले दिसते. तिसरी कसोटी मातीच्या जन्मकथेची. शांतपणे थरावर थर साचलेल्या चिकणमातीचे बळ तिच्या कणांवर पडणाऱ्या निव्वळ ओझ्याच्या साधारण पाव हिस्सा असते. आपल्या उदाहरणात हे निव्वळ ओझे, पाण्याचे उत्प्लावन वजा जाता, ६० किलोपास्कल आहे. त्याचा पाव हिस्सा १५. म्हणजे १६ हा आकडा विश्वासार्ह वाटतो आणि २० म्हणणाऱ्याला काही विशेष पुरावा आणावा लागेल. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की मगच न्याय द्यावा.

खोल समुद्रात आणखी एक अडचण येते. आपल्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००९ पासून खोल समुद्रातून वायू काढला जातो. तेथे पाण्याची खोली काही ठिकाणी हजार मीटरहूनही अधिक आहे. हजार मीटर पाण्याचा दाब दहा हजार किलोपास्कल आणि तळाच्या मातीचे बळ दोन किलोपास्कल! पाच हजारांतला एक भाग अचूक ओळखावयाचा म्हणजे ओंजळभर गव्हातला एक दाणा वजनाने ओळखण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ येथील विद्यापीठातील स्ट्यूअर्ट आणि रँडॉल्फ यांनी १९९१ मध्ये यावर एक तोडगा पुढे आणला. त्यांनी शंकूच्या जागी आडवा दांडा लावला. गृहिणींना हे लगेच कळेल. कणकेत लाटणे आडवे दाबले तर कणीक त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून पुन्हा वर एकत्र येते. समुद्रतळावर वापरावयाचे हे लाटणे २५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर जाड असते, म्हणजे शंकूच्या दसपट क्षेत्रफळाचे. माती त्याला वळसा घालून वर जात असल्याने वरचे आणि खालचे ओझे एकमेकांना जवळजवळ काटते आणि वजाबाकीतील चूक फार कमी होते. शिवाय या लाटण्याचा गुणक गणिताने काढता येतो. पृष्ठभाग गुळगुळीत धरला तर सुमारे नऊ, खडबडीत धरला तर सुमारे बारा. व्यवहारात साडेदहा धरण्याची चाल पडली. दांड्याऐवजी लाडवासारखा गोलही वापरतात. आणि ते दहा-वीस वेळा खाली-वर केले की माती पूर्ण घुसळली जाते आणि तिचे विस्कटलेले बळ मोजता येते. काही चिकणमाती घुसळल्यावर आपले तीन-चतुर्थांश बळ गमावतात. नांगर रोवताना, नळ टाकताना ती कशी वागेल, हे त्यावरून कळते.

आता या शास्त्राची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'कॅमिल' या चक्रीवादळात अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखासमोर एक नवा मंच उलथून गेला. वादळाच्या लाटांचा दाब तळावर पोहोचला, सैल गाळाचा उतार सरकला आणि मंचाला घेऊन गेला. त्या नदीने गाळ इतक्या वेगाने आणून टाकला होता की, त्यातील पाण्याला निसटावयास सवडच मिळाली नव्हती. ओझ्याच्या पाव हिस्सा हा नियम तेथे लागू पडत नव्हता. बळ त्याहून कितीतरी कमी होते. २००४ च्या सप्टेंबरात 'आयव्हन' वादळात त्याच टापूत पुन्हा एक मंच तळाच्या चिखलाने पाडला आणि त्याच्या विहिरींतून तेलाची गळती कित्येक वर्षे होत राहिली.

दुसरी कथा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येची. 'नॉर्थ रँकिन' मंच १९८२ मध्ये सुमारे सव्वाशे मीटर पाण्यात उभा करताना पोलादी पाइल तळात ठोकावयाचे होते. परंतु पाइल स्वतःच्या वजनानेच सुमारे साठ मीटर सरसर खाली गेला. तेथील वाळू आपल्या नदीपात्रातील गारगोटीची नव्हती. ती शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांची होती. तिचे घर्षण प्रयोगशाळेत उत्तम दिसे. पण पाइल शिरताना पोकळ कवचे चुरडली, वाळू आक्रसली आणि पाइलला बाजूने मिठी मारावयास कोणी उरलेच नाही. पुढील काही वर्षे आणि फार मोठी रक्कम पाया सावरण्यात खर्ची पडली. हा धडा आपल्यालाही जवळचा आहे, कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळातही अशी चुनखडीयुक्त वाळू आहे. आयआयटी दिल्लीतील दत्ता, गुल्हाटी आणि राव यांनी अशा वाळूच्या कणभंगावर १९७९ मध्येच, म्हणजे ऑस्ट्रेलियातील त्या घटनेच्या तीन वर्षे आधी, आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध मांडला होता. शंकूचा एक आकडा प्रत्येक मातीत तोच अर्थ सांगत नाही, हे यातून शिकावयाचे.

तिसरा धोका 'सागर सम्राट'सारख्या, स्वतःचे पाय खाली सोडून उभ्या राहणाऱ्या जहाजांचा. वर वाळूचा पातळ भक्कम थर आणि खाली मऊ चिकणमाती असेल, तर पाय वाळूवर छान टेकतो, भार वाढत जातो आणि एका क्षणी पापडासारखा तो थर मोडून पाय कित्येक मीटर खाली जातो. एक पाय गेला की जहाज कलते. येथे बळाच्या सरासरीचा काडीमात्र उपयोग नाही. थर किती जाड आणि त्याखालचा किती मऊ, हेच पाहिजे, आणि ते शंकूच्या अखंड रेषेवाचून कळत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, शंका असेल तेव्हा बळ कमी धरावे, म्हणजे आपण सुरक्षित. पायाच्या भारासाठी हे ठीक आहे. परंतु तार पुरणाऱ्या नांगराच्या दृष्टीने माती धरली त्याहून कठीण निघाली, तर नांगर अडतो आणि तार उघडी राहते. पाइल ठोकावयाचा हातोडा लहान पडला, तर पाइल अर्ध्यावरच थांबतो. तळावर टाकलेला नळ किती रुतेल, यावर तो तापल्यावर किती वाकेल हे अवलंबून असते, आणि तेथे दोन्ही टोके धोक्याची असतात. म्हणून जाणता अभियंता एक आकडा देत नाही. तो तीन रेषा काढतो : कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त. त्या का काढल्या हेही लिहून ठेवतो. अंदाज या शब्दाला आपल्याकडे थोडा हलका अर्थ चिकटला आहे. आमच्या व्यवसायात अंदाज म्हणजे पुराव्याने बांधलेली, आपल्या मर्यादा स्वतःच सांगणारी विधाने होत.

शेवटी आपल्या या गावाविषयी. येथून जवळच पळ्ळीकरणै येथे १९९३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ च्या जानेवारीत समुद्रतळावरील धातूंचे गोळे वर आणले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील मोठ्या क्षेत्रात त्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताला मिळाला. आज त्यातील ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे आहे. ते गोळे पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर, अतिशय मऊ गाळावर पडलेले आहेत. तेथे चालणारे वाहन रुतू नये म्हणून आधी गाळाचे बळ जागच्या जागी मोजणे भाग होते, आणि पळ्ळीकरणैच्या संस्थेने शंकू आणि पाती असलेले उपकरण त्यासाठीच तयार केले. २०२१ मध्ये त्यांचे वाहन ५,२७० मीटर खोलीवर तळावर चालले. त्याचे नाव 'वराह'. समुद्रात बुडालेली पृथ्वी सुळ्यांवर उचलून धरणाऱ्या अवताराचे नाव याहून योग्य ठिकाणी दिले गेले नसते. त्या वाहनाच्या पट्ट्यांची रुंदी आणि वजन ठरविताना गाळाचे दोन-चार किलोपास्कलच निर्णायक असतात.

हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. तळाचा गाळ विस्कटला तर तेथील जीवसृष्टीचे काय होईल, हा प्रश्नही त्यात आला. समुद्रात पवनचक्क्या उभारण्याच्या योजना तमिळनाडू आणि गुजरातच्या किनाऱ्यांसाठी आखल्या जात आहेत. प्रत्येक खांबासाठी पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागेल. या सभागृहात बसलेल्या मुला-मुलींपैकी कोणी तो विचारावयास पुढे आले, तर मला फार आनंद होईल. त्यांना मी एवढेच सांगेन, की यंत्राने दिलेले वाचन आणि आपण काढलेला निष्कर्ष यांच्यामध्ये एक गुणक उभा असतो. तो कोठून आला, हे विचारल्यावाचून सही करू नका. त्या सहीवर कोणीतरी रात्री निर्धास्त झोपणार असतो.